वेग घेतला की लागणारा दिवा

हिंगणघाटात त्या काळी गाडी चालवणाऱ्या बायका एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या, आणि त्यातलं एक बोट मी होते. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. गिरडच्या बाजूला एका शाळेत मी विज्ञान शिकवत होते. सकाळची एसटी चुकली की दिवस गेला. म्हणून घरची जुनी मोटार मी सासऱ्यांकडून मागून घेतली. मागून म्हणजे भांडून. त्यांनी अट एकच घातली होती: गाडीला काही झालं तर चावी परत.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजींचं कापसाचं जिन होतं, सरकी काढून रुई करायचा कारखाना. गाडी त्यांना चालवता येत नसे, पण तिचं कौतुक फार. रोज सकाळी मी निघायच्या आधी बोनेट उघडून ते ऑइल मोजायची पट्टी काढायचे, पुसायचे, पुन्हा बुडवून बघायचे. पुसायला जिनातली ताजी रुई. आमच्या घरी कशालाही रुईच लागायची: समईला, अत्तराला, चष्म्याच्या काचेला. फडकं वापरणं म्हणजे कापसाचा अपमान. ऑइल भरायच्या झाकणाचं रबर फाटलं तेव्हाही त्यांनी रुईचा पीळ वळून तिथे बसवला, आणि दर आठवड्याला तो बदलत राहिले. मला त्या रोजच्या तपासणीचा भारी राग यायचा. ही माझ्यावर पाळत आहे, असंच मी धरून चालले होते.

एका दुपारी शाळेतून परतताना समुद्रपूर मागे पडलं आणि समोरच्या मीटरच्या काचेआड लाल दिवा लागला. ऑइलचा दाब पडल्याचा. मी लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली. पट्टी काढून पाहिली, तर ऑइल अगदी खुणेपर्यंत. दहा मिनिटं थांबून पुन्हा चालू केली, दिवा नाही. हळू चालवली, तरी नाही. साठच्या वर नेली आणि थोड्या वेळात पुन्हा लाल. पुन्हा थांबले, पुन्हा दहा मिनिटं. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा बैलगाडीच्या चालीने घर गाठलं. घाबरले नव्हते. पण चावी जाणार हे कळत होतं, आणि ते मला मुळीच नको होतं.

मामाजींनी सगळं ऐकलं, हात पुढे केला आणि चावी बंडीच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने गाडी हळूहळू गॅरेजला नेली. मामाजी आणि मी मागोमाग गेलो. मिस्त्रीने बोनेट उघडून दोन मिनिटं कान दिला आणि निकाल सांगून टाकला. "मालक, बेअरिंग गेले. पुरं इंजिन खोला लागते."

"काऊन गेले?"

त्याने माझ्याकडे एक नजर टाकली. "गाडीचा हात बदलला की जातेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर मामाजी म्हणाले, "मंग काढूनच टाकू हिले. सूनबाई, तू येष्टीनं जात जाजो."

"मामाजी, थांबा जरा," मी म्हटलं आणि मिस्त्रीकडे वळले. "बेअरिंग झिजले असते तर गरम इंजिन उभ्या गाडीत हळू चालताना दिवा लागला असता, आणि रेस दिल्यावर गेला असता. इथे उलटं आहे. हळू असताना दाब राहतो, वेग घेतला की पडतो. गाडी मी चालवते, म्हणून मला माहीत आहे."

मिस्त्री हट्टी होता, पण अप्रामाणिक नव्हता. त्याने आधी इंजिनवरचं, दाब पडला की दिवा लावणारं बटण बदलून पाहिलं. फरक नाही. मग बटण काढून त्या भोकात दाब मोजायचं मीटर बसवलं. इंजिन हळू चालत होतं तोवर काटा जागेवर. रेस धरून ठेवली तसा काटा वर चढला, आणि मग हळूहळू खाली घसरत गेला. इंजिन बंद करून थोडं थांबलो, काटा पुन्हा ठीक.

"बाई बरोबर बोलून राह्यल्या," तो म्हणाला. "पंपाले तेल ओढता नाई येऊन राह्यलं. जाळीत काही तरी फसलं."

गाडीखालच्या खड्ड्यात उतरून त्याने इंजिनच्या तळाचं ऑइलचं चेंबर सोडवलं. पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर काळा, दाट थर बसला होता. मिस्त्रीने तो पेचकसने खरवडला आणि वर बघून मलाच विचारलं, "बाई, हे काय टाकलं इंजिनात?"

मामाजी वाकले. त्या थराचा एक पुंजका त्यांनी पेट्रोलमध्ये खळबळून पिळला, आणि मग त्यांची बोटं आपोआप जन्मभराच्या कामाला लागली. दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून ओढ, जुळव, पुन्हा ओढ. तंतू सरळ झाले. डोक्यावरची काळी टोपी काढून त्यांनी ते तिच्यावर मांडले, जिनात माल पारखताना मांडत तसेच.

"लांब तार," ते म्हणाले. "सफाईदार. हे तं आपल्याच जिनातली..."

आणि थांबले.

मिस्त्री उगाच पाने-पेचकस गोळा करायला लागला. माझ्या जिभेवर पुष्कळ काही होतं. पण त्या टोपीकडे बघणारा त्यांचा चेहरा पाहिला आणि माझा राग ओसरला.

"मीच केलं हे," मामाजी म्हणाले. "तू एकटी जातं ना त्या रस्त्यानं. म्हणून पाह्यत होतो रोज."

मला रडू आलं. इतके दिवस मी ज्याला पाळत समजले, ते हे होतं.

जाळी धुऊन निघाली. नवं ऑइल पडलं, झाकणाला खरं रबर बसलं, आणि मिस्त्रीने पट्टी पुसायला जुन्या धोतराचा तुकडा बांधून दिला. मामाजींनी बंडीच्या खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसले. एरवी मी निघताना अंगणातून ‘हळू’ म्हणून ओरडणारे ते, नागपूर रस्त्याला लागल्यावर दिव्याच्या जागेकडे डोळे लावून बसले होते. साठ झाले. सत्तर झाले. दिवा लागला नाही.

"दाब अजून," मामाजी म्हणाले.