उसाच्या कडेचं गाणं

आश्विन लागला, की लोकांना चांदणं आठवतं, आटीव दूध आठवतं. मला मात्र कुठूनही हादग्याचं गाणं ऐकू आलं, की तळहाताला घाम सुटतो.

त्या वर्षी आमच्या गावी, डिंगोऱ्यात, आमची बाजरी काढणीला आली होती आणि बांधापलीकडे डोक्याच्या वर गेलेला ऊस. उसात बिबट्या असतो, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून बाई एकटी कामाला लागली, की कमरेला स्पीकर. आवाज असला की बिबट्या लांब राहतो. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, उसाकडेला गवत कापायच्या, मी अलीकडे कणसं खुडायचे. त्यांच्या स्पीकरवरचं भजन ऐकू येतंय तोवर सगळं ठीक.

एका संध्याकाळी हादग्याच्या फेरासाठी तो स्पीकर मीच नेला होता, आणि चार्जिंगला लावायचा विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं. पण बोलणी कोण खाणार! पुरेल की, म्हणून गप्प बसले.

नाही पुरला. दुपार कलली आणि भजन मधेच तुटलं.

"आत्या!"

पुन्हा हाक मारली. ऊस नुसता सळसळला. मेले, म्हटलं! विळा घेऊन धावत सुटले, आणि तोंडात काय यावं, तर हादग्याचं गाणं! फेरातसुद्धा मी नुसते ओठ हलवणारी. त्या दिवशी बेंबीच्या देठापासून ओरडत होते. एक कडवं संपलं. काही नाही. दुसरं धरलं, तेव्हा उसाकडून एक बारीक, थरथरता आवाज माझ्यात मिसळला.

आत्या ताठ उभ्या होत्या. समोर दहा हातांवर तो बसलेला. वाकायचं नाही, पाठ फिरवायची नाही, एवढं त्यांना ठाऊक. पण भीतीनं वाचाच बसली होती. दोघी गात गात एकेक पाऊल मागे सरकलो. तो उठला, आमच्याकडे बघून उसात शिरला.

घरी माणसं जमली. "स्पीकर बंद कसा पडला?" नवऱ्यानं विचारलं. मी चुलीकडे वळले.

"माझ्याच हातनं बटन दाबलं गेलं आसंल," आत्या म्हणाल्या.

मग चुलीपाशी, माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाल्या, "चार्जर कालपास्नं खुंटीलाच व्हता. सकाळीच दिसला मला. म्हनलं, तू सांगशील."