झोकांड्यांची विद्या

"पडता येते का?"

बहरीनमधल्या तुबलीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये नवा माणूस आला की काका त्याचं नाव-गाव विचारायच्या आधी हे विचारत. मलाही विचारलं. सेफ्टी ऑफिसर म्हणून माझा तो पहिला दिवस होता. अंगात नवं जाकीट, डोक्यावर पांढरं हेल्मेट. आमच्या सगळ्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यातून इंजिनियर, त्यातून फर्स्ट क्लास. हे सगळं मी त्या जाकिटाच्या आत भरूनच आलो होतो.

मी म्हणालो, "लोक पडू नयेत म्हणूनच मला बोलावलंय."

"म्हंजे येत नाई," काका म्हणाले आणि पाना खांद्यावर टाकून निघून गेले.

काका मूर्तिजापूरकडचे, मी वाशिमचा. परांची बांधणाऱ्या टोळीचे ते फोरमन. वय सत्तावन्न. अंगानं वाळलेले, पण मनगटं जाड. चालताना किंचित झुलायचे. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही माझ्यासारखंच वाटलं असतं, असं मी अजून स्वतःला समजावतो.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी सहाला मी स्टोअरच्या मागे गेलो, तर काका तिथं एकटेच झोकांड्या खात होते. डावीकडं कलले, सावरले, मागं गेले, गुडघ्यातून लटपटले. उजव्या हाताची दोन बोटं हवेतला छोटा पेला धरल्यासारखी वळलेली. मग धप्पकन पडले, उठले आणि पुन्हा झुलायला लागले.

मी रिपोर्ट लिहिला. चार परिच्छेद, अस्सल इंग्रजीत. कामावर दारू पिऊन आल्याचा दाट संशय. इथं त्याचा अर्थ काय होतो ते मला ठाऊक होतं: नोकरी खलास, व्हिसा खलास. तरीही लिहिला. कर्तव्य म्हणजे कर्तव्य, असं मी खोलीतल्या आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं.

बहरीनी मॅनेजरनं आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर श्वास तपासायचं यंत्र. काकांनी फुंकलं. शून्य. पुन्हा फुंकलं. शून्य.

"यंत्र बिघडलं असेल," मी म्हणालो.

"मग तू फुंक," मॅनेजर म्हणाला.

आता साहेबासमोर जायचं म्हणून मी नुकताच माउथवॉशनं खळखळून गुळण्या करून आलो होतो. त्यातल्या अल्कोहोलला यंत्रानं शिट्टी मारली आणि लाल आकडा आला. मॅनेजर माझ्याकडं पाहत राहिला. दहा मिनिटं थांबून पुन्हा फुंकायचं ठरलं. माझ्या सुशिक्षित आयुष्यातली ती सगळ्यात लांब दहा मिनिटं. तेवढ्यात काकांनी त्याला सगळं समजावलं. आधीच्या कंपनीत एक चिनी वेल्डर होता, त्याच्याकडून शिकलेली ही कुंग फूमधली दारुड्याची पद्धत. लढणारा झिंगल्याचं सोंग करतो, समोरच्याला वाटतं हा आता पडतोय, आणि पडता पडता तो मारतो. शब्द कमी पडले तिथं काकांनी करून दाखवलं. दहा मिनिटांनी माझा आकडा शून्यावर आला, तोवर मॅनेजर हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसला होता.

बाहेर आल्यावर मी माफी मागितली.

"जाऊ दे बाप्पा," काका म्हणाले. "मी पंचशीलवाला माणूस. दारूले न शिवायचं पाचवं शील आजवर मोडलं नाई. पण तुमचं तोंड मस्त वास मारून रायलं."

खरं तर चूक माझीच म्हणून मी गप्प बसायला हवं होतं. पण शिकलेल्या माणसाची हार अशी सहज पचत नाही. मी ठरवलं, माणूस पीत नाही हे सिद्ध झालंय, तर निदान त्याची विद्या बिनकामाची आहे हे मी सिद्ध करीन. एप्रिलमध्ये झिंजच्या हॉलमध्ये आपल्या लोकांची जयंती झाली. त्रिशरण-पंचशील झालं, भाषणं झाली आणि करमणुकीच्या कार्यक्रमात काका हॉलभर झिंगून आले. पुढच्या रांगेतल्या एक बाई मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, आत्ताच तर घेतलं ना पाचवं शील." मी शेजारच्या अकाउंटंटला ऐकू जाईल असं म्हणालो, "खऱ्या मारामारीत याचा उपयोग शून्य."

हे काकांनी ऐकलं.

"कायच्या भरोशावर बोलता, साहेब?"

मी सांगितलं की मी विद्यापीठाच्या बॉक्सिंगमध्ये दुसरा आलो होतो. आमच्या वजनगटात दोघंच होते, हे मी कुणाला सांगत नाही. तुम्हाला सांगतोय.

"मंग शुक्रवारी या," काका म्हणाले.

शुक्रवारी कॅम्पच्या मागच्या वाळूच्या मैदानात आम्ही उभे राहिलो. भोवती वीस-पंचवीस माणसं. तीन मिनिटं, तोंडावर मारायचं नाही, एवढाच नियम. मी गार्ड घेतला. काका झुलायला लागले.

प्रामाणिकपणे सांगतो, कारण अशा गोष्टी सांगणारे सहसा शेवटी म्हाताऱ्यालाच जिंकवतात. मी त्यांना मारलं. पहिला ठोसा खांद्यावर, दुसरा बरगडीवर, तिसरा पुन्हा खांद्यावर. झुलणाऱ्या माणसाला मारायला थोडा वेळ लागतो, पण मारता येतं. त्यांची कोपरं येत होती, त्यांत जोर नव्हता. काका तीनदा पडले आणि तीनदा अशा चेहऱ्यानं उठले की जणू खाट मऊ होती. निकाल स्पष्ट होता. चौथ्या वेळी मी सगळा जोर लावून पुढं गेलो. काका त्या जागी नव्हते. मी माझ्याच पायात अडकलो आणि हात ताठ पुढं करून वाळूवर आदळलो.

मनगटातून कळ गेली. लोक टाळ्या वाजवत होते. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

काका शेजारी उकिडवे बसले. "जितला ना तू. आता सांग, तीनदा मी पडलो, एकदा तू. हात कोनाचा सुजला?"

त्या दिवसापासून 'साहेब'चा 'तू' झाला. मनगट बरं झाल्यावर मी दर शुक्रवारी पडायला जाऊ लागलो. हनुवटी छातीला. पाठ गोल. श्वास सोडून द्यायचा. हात टेकायचा नाही, कुणाला धरायचं नाही. "तू पडताना बी इज्जत सांभाळून रायला," ते ओरडायचे. "सोड तिले." फर्स्ट क्लास मिळवायला मला जेवढे कष्ट पडले नव्हते तेवढे ही इज्जत सोडायला पडले.

याच शुक्रवारांमध्ये माझ्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. सराव संपायचा, पण काकांचं झुलणं कधीकधी संपायचं नाही. चहाला जाताना ते भिंतीच्या कडेकडेनं जात. एकदा दाराची चौकट धरून बराच वेळ उभे होते. मी पाहतोय हे दिसताच बोटांचा पेला केला आणि हसले.

मग त्यांचा उंचीवर चढायचा पास संपला. दरवर्षी तो नवा होतो आणि फॉर्मवर सही माझी असते. जमिनीवर आखलेल्या पिवळ्या रेषेवरून सरळ चालून दाखवायचं असतं. काका दारुड्याच्या चालीनं चालले, मोठ्या थाटात. बाहेर उभी असलेली पोरं हसली. मागच्या वर्षीच्या ऑफिसरनंही हसूनच सही केली असणार. मी दार लावून घेतलं.

"काका, सोंग नको. डोळे मिटा आणि एका पायावर उभे राहा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, डोळे मिटले, पाय उचलला आणि पडले. सुरेख पडले. हनुवटी छातीला, पाठ गोल, आवाजसुद्धा नाही. पण या वेळी लगेच उठले नाहीत.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्सं. कानातून होते म्हनते डॉक्टर. सगळं गरगर फिरते." ते जमिनीवरूनच बोलत होते. "ज्या दिवशी लई होते त्या दिवशी मी खालीच रायतो, पोराइले वर पाठवतो. अन् झुललो त लोक म्हनतात, काकाची कुंग फू."

सगळं जग त्या विद्येचा मारामारीतला उपयोग विचारत होतं. काका तिच्यामागे दोन वर्षं लपले होते.

पास गेला तर फोरमन म्हणून त्यांचं काम जाणार आणि कामाबरोबर व्हिसा. त्यांची मुलगी अमरावतीला शेवटच्या वर्षाला होती. "एवढं एक वर्ष पायजे होतं," ते म्हणाले. "घरातली पयली हाय ती."

पहिली म्हणजे काय, हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. माझ्या वेळी माझा बाप काय काय लपवत होता, ते मी कधी विचारलंच नव्हतं. मी पेन उघडलं. सही करायला एक सेकंद लागला असता.

काकांनीच फॉर्मवर हात ठेवला. "नको करू. मी तुले जमिनीवर पडायले शिकवलं. परांचीवरून पडायची विद्या कोनापाशीच नाई."

मी सही केली नाही. त्या रात्री पुन्हा एक रिपोर्ट लिहिला. पुन्हा चार परिच्छेद, पुन्हा इंग्रजी. आमच्याकडं दर महिन्याला घसरून पडणाऱ्यांची मनगटं दुखावतात, आणि पडायचं कसं हे शिकवणारा एकच माणूस आपल्याकडं आहे. त्याला खाली टूल स्टोअरला ठेवा आणि नव्या माणसांना शिकवू द्या.

मॅनेजरनं वाचलं. "मागच्या वेळी तू लिहिलंस, हा दारुडा आहे."

"येस सर."

"आता लिहितोस, हा मास्तर आहे."

"येस सर."

"तुझं इंग्रजी दोन्ही वेळा चांगलं आहे," तो म्हणाला. आणि कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत काकांना ठेवायचं मान्य केलं.

दहा महिने स्टोअरच्या मागे जुन्या गाद्यांवर नेपाळी, बंगाली, पंजाबी माणसं धपाधप पडत होती आणि काका सगळ्यांना वऱ्हाडीतून शिव्या देत होते. प्रत्येकाला समजत होत्या.

त्यांना विमानतळावर सोडायला मी गेलो. त्या दिवशी चक्कर जास्त होती. ट्रॉली ढकलताना ते असे झुलले की दारातल्या पोलिसानं हात आडवा केला आणि मला विचारलं, "शराब?"

"मफी शराब," दारू नाही असं मी मोडक्या अरबीत म्हणालो. "कुंग फू."

पोलिसानं काकांकडं पाहिलं. काकांनी दोन बोटांचा पेला करून त्याला सलाम केला आणि आत गेले. मागं वळून पाहिलं नाही. मान वळवली की गरगरायचं त्यांना.

मुलगी पास झाली. मला वाटलं होतं त्यापेक्षा चांगली, माझ्यापेक्षाही चांगली. फोनवर काका म्हणाले, "गावात लोक म्हनतात, बहरीनहून आला अन् प्यायले लागला." मला राग आला. त्यांना नाही. "मी काई बोलत नाई. पोरगीच सांगते दारोदार, माह्या बापाची ती कुंग फू हाय म्हनून."

मागच्या महिन्यात सित्राच्या साइटवर तेल सांडलेल्या पायरीवरून माझा पाय सुटला. हनुवटी छातीला गेली, पाठ गोल झाली, इज्जत कुठं गेली कळलंही नाही. चार पायऱ्या गडगडत खाली आलो आणि उभा राहिलो. मनगटं शाबूत. थोडा झुलत होतो, एवढंच. उजव्या हाताकडं पाहिलं, तर दोन बोटं पेला धरल्यासारखी वळलेली.

समोर माझ्या हाताखाली नुकताच आलेला नवा सेफ्टी ऑफिसर उभा होता. तो माझ्याकडं एकटक पाहत होता आणि वहीत काहीतरी लिहून घेत होता.