अक्काचं ‘बोर’

माझी थोरली बहीण सोनईला राहते. दाजी गेल्यापासून घरात ती एकटी आणि गोठ्यात दोन म्हशी. मी नगरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. संध्याकाळी धारा काढून झाल्या की तिचा फोन यायचा, आणि दोन इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्या की ती म्हणायची, “लई बोर हुतंय गं.”

हा शब्द तिने कुठून उचलला कोणास ठाऊक, टीव्हीवरून असेल. आधी मला गंमत वाटायची. मी तिला मालिका सुचवायचे, भजनाला जा म्हणायचे. एकदा मात्र पेपर तपासून डोकं उठलं होतं. मी म्हणाले, “अक्का, बोर म्हणजे कंटाळा. नवरा गेल्यावर कोणी बोर होत नाही, दुःख होतं. आणि कंटाळाच आला असेल, तर एखादं काम काढ.”

ती म्हणाली, “आमाला कुठं इंग्रजी येतंय बाई. चुकलं.”

पुन्हा तो शब्द तिने काढला नाही. “बरी हाय,” म्हणायची, दूध किती निघालं ते सांगायची आणि फोन ठेवायची. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

दोनेक महिन्यांनी तिच्या शेजारणीचा फोन आला. “तुमच्या अक्कानं म्हशी इकल्या. दोन-दोन दिस चूल पेटत न्हाई. तुमी या.”

गेले, तर अक्का ओसरीवर बसलेली. केस विंचरलेले नव्हते, ब्लाउज दंडाला सैल झालेला. मला बघून उठली, चहाला आधण ठेवलं आणि पत्ती घालायची विसरून तशीच उभी राहिली.

तिला नगरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, “मावशी, काय होतंय?”

अक्काने माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाली, “काय म्हनायचं गं? तू सांग. तुला बरोबर येतं.”

वर्गात मी एकेका भावनेचे सात-आठ शब्द फळ्यावर लिहून देते. तिथे मला एकही बोलता आला नाही. शेवटी डॉक्टरांनीच झोपेचं, जेवणाचं एकेक विचारत तिला बोलतं केलं. ती म्हणाली, “सकाळी उठायचं कशापायी, त्येच कळत न्हाई.” हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं.

औषधं लागू पडली. आता ती जेवते, एक म्हैसही पुन्हा घेतली आहे. शेजारणीपाशी तासन्‌तास बोलत बसते. परवा सकाळी मी फोन करून विचारलं, “अक्का, आज मन कसं आहे?”

“ठेव आता,” ती म्हणाली, “तुला कॉलेजला उशीर हुईल.”