चिपवर टेकलेलं बोट

परवा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा राळेसारखा वास आला आणि मला पनवेलच्या कॉलेजातली प्रोजेक्टची परीक्षा आठवली. मायक्रोकंट्रोलर नावाच्या छोट्या संगणक-चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचं यंत्र मी आणि वर्गमैत्रीण निलोफरनं घरीच बनवलं होतं. ते चाललं नाही तर वर्ष जाणार होतं.

बाहेरून आलेले परीक्षक सर समोर बसले आणि बोर्डावरचा दिवा लागेना. चिप तापलीय का, हे पाहायला मी तिच्या तारेसारख्या पायांवर बोट टेकवलं, तर दिवा लुकलुकायला लागला. बोट उचललं की बंद. निलोफरनं स्वतःचं बोट लावून पाहिलं, काहीच नाही.

“तुझंच लागतंय त्याला,” ती कुजबुजली. “अल्लाच्या वास्ते हलू नकोस.”

मी पुन्हा बोट टेकवलं. दिवा लागला.

“बोट काढ,” सर म्हणाले.

हजेरीलाही जिचा आवाज पोचत नसे, ती मी म्हणाले, “नाही, सर.”

ते हसले की रागावले, कळलं नाही. पास मात्र केलं.

चिपशेजारी दोन छोटे कपॅसिटर लावायचे राहिले होते आणि त्यांचं काम माझं बोट करत होतं, हे आता मला ठाऊक आहे. पण निलोफरचं बोट का चाललं नाही? आणि ते ‘नाही’ माझ्याच तोंडून आलं, यावर माझा अजून नीटसा विश्वास बसत नाही.