देवीला कबूल केलेली बाटली

माझा धाकटा भाऊ साजगावला कारखान्यात होता. दारूपायी ती नोकरी गेली. मधलं सांगत नाही; ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना सांगावं लागत नाही, बाकीच्यांना सांगून कळत नाही. शेवटी पुण्याकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला आणि वर्ष उलटलं तरी थेंबाला शिवला नाही. खालापूरजवळच्या आमच्या बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत असंच केंद्र काढायचं, हे त्याच्याच डोक्यातलं. चुना त्यानेच मारला, खाटाही त्यानेच आणल्या. इतका हसरा मी त्याला लहानपणानंतर तेव्हाच पाहिला.

उद्घाटनाआधी नवस फेडायचाच, असं आईने धरून ठेवलं. पोराची दारू सुटली तर देवीला कोंबडा आणि बाटली देईन, असं ती बोलली होती. आमच्याकडे गावदेवीला दारूचा मान असतोच, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मी त्या दिवशी परवानगीच्या कागदांसाठी तालुक्याला गेले होते. देवीपुढे धार सोडून झाली आणि उरलेली झाकणाझाकणाने सगळ्यांना वाटली. भाऊ मागे सरला, तर आईनेच झाकण त्याच्यापुढे धरलं.

"देवीचा परसाद हाय, नाय म्हणू नको रं."

देवीला आणि आईला एकदम नाही म्हणायची छाती कुणाची असते? झाकणावर काही भागलं नाही. त्याच वर्षी तो गेला.

केंद्र मी काढलंच, इरेला पेटून. आमच्याकडे पेशंट एकटा घेत नाही. आधी घरची माणसं येऊन बसतात. नवस, हळदी, जत्रा, सगळं खोदून विचारते मी. माझ्या आईला मेलं कुणी विचारलंच नव्हतं, एक थेंबही चालत नाही हे सांगितलं नव्हतं. रविवारी पेशंटांच्या घरच्या बायांपुढे घसा फोडून सांगते, हा आजार आहे, तुमचा दोष नाही. आई मागे भिंतीला टेकून ऐकत असते.

परवा सगळ्या गेल्यावर आम्ही दोघी सतरंजीची घडी घालत होतो. ती म्हणाली, "त्या बायांना सांगतेस तसं मला कवा सांगशील गं?"

देवाशपथ, सांगायचं होतं. पण भाऊ डोळ्यांपुढे आला आणि तिचा असा राग आला, की तोंडच उघडेना. मग माझ्या हातातलं टोक घेऊन तिने एकटीनेच घडी पुरी केली.