बाबांचं ऑपरेशन

माझ्या नवऱ्याचा, प्रशांतचा फोन आला तेव्हा मी शाळेत सातवीचे पेपर तपासत होते. "बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. सकाळी मी घरातून निघाले तेव्हा माझे सासरे अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालत होते, नळाची धार बारीक म्हणून कुरकुरत होते. नंतर जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत... दुःख झालं, अजून आहे. पण सक्करदऱ्याच्या आमच्या घरी भेटायला आलेली माणसं डोळे पुसता पुसता हसायला लागायची. महिना उलटून गेला, तरी बाबांचा विषय निघाला की आम्हालाही हसू येतं. त्याचं कारण सांगायचं तर थोडं खासगी बोलावं लागेल. बाबांना ते चाललं असतं. उलट त्यांनीच चारचौघांत सांगितलं असतं.

त्यांचं नाव देवराव. घर मूळचं उमरेडचं, हातमागावर विणणाऱ्यांचं. बाबांनी माग सोडला आणि विजेच्या खात्यात लाइनमनची नोकरी धरली. विजेच्या खांबावर सरसर चढणारा, भरलेलं सिलिंडर खांद्यावर टाकून जिना चढणारा माणूस. बोलणं मात्र अगदी मोजकं. मी जरीपटक्याहून लग्न होऊन आले तेव्हा पहिलं वर्षभर तर त्यांच्याशी माझं बोलणं चहा आणि पेपर यांपुढे गेलं नव्हतं.

थोरली जुई झाल्यावर इतक्यात दुसरं मूल नको, असं मी आणि प्रशांतनं ठरवलं. डॉक्टरीणबाईंकडे गोळ्या मागायला गेले. त्यांनी सहज विचारावं तसं डोकेदुखीचं विचारलं. डोकं दुखण्याआधी मला डोळ्यांसमोर चमचमत्या नागमोडी रेघा दिसतात हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, तुला या गोळ्या नकोत, धोक्याचं आहे. मग तांबी बसवली. माझ्या बहिणीला तीच तांबी इतकी मानवली होती की ती बसवलेली आहे हेही ती विसरली होती. मला मात्र पाळीत इतकं रक्त जायला लागलं की शाळेत फळ्यापाशी उभं राहवेना. ती काढली. मग प्रशांतनं दुकानातून निरोधची पाकिटं आणायला सुरुवात केली, तीही घरापासून लांब, मनीषनगरच्या मेडिकलमधून, कारण आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार त्याचा शाळासोबती. एकदा पाकीट संपलेलं असताना ते लांबचं दुकान लांबच राहिलं... आणि आमचा ओम आला. त्याच्या येण्याचा आनंद काय वर्णावा! पण बाळंतपणात माझं रक्त फार गेलं. सावरायला कितीतरी महिने लागले.

आता माझं ऑपरेशन करायचं, हे घरात कुणी ठरवलं ते आठवत नाही. ठरलेलंच होतं. मला मात्र पुन्हा त्या टेबलावर जायची भीती वाटत होती. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळे उपाय सांगितले, आणि तुम्हाला आणखी मूल नकोच असेल तर पुरुषाचं ऑपरेशन बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं असतं, माणूस त्याच दिवशी घरी जातो, हेही सांगितलं. स्कूटरवर परत येताना प्रशांत घराच्या वळणावर म्हणाला, "मी करतो. पण घरी तू सांग."

त्या रात्री जेवायला उमरेडची मावशी होती, म्हणजे माझ्या सासूबाईंची थोरली बहीण. ओमला बघायला आली होती. मी मान खाली घालून कसंबसं सांगितलं. मावशी घास हातात धरून बघतच राहिली. कमावत्या माणसाला असलं करायला लावतात काय, त्यानं अंगातली ताकद जाते, असं बरंच बोलली. मग सासूबाईंकडे बोट करून म्हणाली, "आमच्या शांतेनं नाही केलं काय? तिले काय झालं?"

सासूबाई, आमच्या आई, ताटाकडे बघत होत्या. बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"शांताचं ऑपरेशन झालंच नाही," ते म्हणाले. "माझं झालं हाय. प्रशांत लहान होता तवा."

प्रशांत आपल्या वडिलांकडे असा बघत होता, जणू त्यांची आज ओळख होतेय. मावशीनं हातातला घास ताटात ठेवला आणि विचारलं, "मंग मी तिच्यासाठी डिंकाचे लाडू करून आणले होते, ते?"

"मीच खाल्ले," बाबा म्हणाले. "चांगले होते."

आधी आईंना हसू फुटलं. इतक्या वर्षांचं दाबून ठेवलेलं हसू, त्यांना ठसकाच लागला. मग आम्ही सगळे. शेवटी मावशीही हसली, पण लाडवांचं तिनं मनाला लावून घेतलं ते लावूनच घेतलं.

पुढे एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना बाबा आपण होऊन बोलले. प्रशांतच्या वेळी आई मरता मरता वाचल्या होत्या. दवाखान्याच्या व्हरांड्यातच बाबांनी मनाशी ठरवलं. पण घरात त्यांची आई होती, नोकरीत थट्टा करणारे सोबती होते. मग आईंनीच तोड काढली : नाव माझं सांगा. त्या आठ दिवस खाटेवर झोपून राहिल्या, बाबा ताप आला म्हणून घरी. "लाज मले वाटत होती, अन् नाव तिचं झालं," ते म्हणाले. "थे काही बरं नाही केलं मी. तुह्या वेळेस गप राहिलो असतो तर पुन्हा तेच झालं असतं."

प्रशांतच्या ऑपरेशनला बाबा डबा घेऊन सोबत गेले. बाहेर बसलेल्या घाबरट पुरुषांना त्यांनी इतका धीर दिला की नर्सबाईंना त्यांना हळू बोला म्हणून सांगावं लागलं. घरी आल्यावर प्रशांतला बादली उचलू देईनात. तीन महिन्यांनी तपासणी होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुसरी काळजी घ्यायची असते, हे तर त्यांनी मुलाला इतक्यांदा ऐकवलं की तो त्यांना टाळायला लागला.

आणि मग हा अबोल माणूस बोलका झाला. गल्लीतले तरुण रविवारी दुपारी अंगणात यायचे, बाबा त्यांच्यासाठी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडायचे. आमच्यासारखं करा, असं ते कुणाला म्हणत नसत. बायकोले विचारलं काय, हा त्यांचा पहिला प्रश्न. एकच लेकरू असलेला, मन पक्कं नसलेला एक जण ऑपरेशन करायचं म्हणत आला होता. त्याला त्यांनी परत पाठवलं. हे उलटवता येईल असं धरून चालू नको गा, दोघं डॉक्टरकडे जा, दुसरं काही घ्या, म्हणाले. त्या जोडप्याला पुढे मुलगी झाली, तेव्हा पेढे आमच्याकडे आधी आले.

गेल्या रविवारी दुपारी फाटकाशी एक नवं जोडपं घुटमळत होतं. बाबा गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, तरी पाय इकडे वळले असावेत. तेवढ्यात आई आतून आल्या. त्यांनी भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या ओढून मांडल्या, बाबांच्या खुर्चीत स्वतः बसल्या आणि पदर सावरून समोरच्या मुलीशी बोलू लागल्या, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात :

"बस वं. पयले हे ऐक, आमच्या घरी ऑपरेशन माह्या नवऱ्यानं केलं होतं."