उजवीकडून दुसरी डबी

धाकट्या भाऊजींबद्दल आजवर या वहीत मी एखाद-दुसरी ओळच लिहिली आहे. ‘भाऊजींना खोकला.’ ‘भाऊजी कमी जेवले.’ आज मात्र त्यांच्यासाठी पानं राखून ठेवली आहेत. माझ्या हातून जे झालं ते देवाला ठाऊक आहे, ते वहीलाही ठाऊक असलेलं बरं.

भाऊजी म्हणजे ह्यांचे पाठचे भाऊ. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान आहे, हौसेनं मासे धरणाऱ्यांच्या सामानाचं. एका भिंतीला दोऱ्यांची रिळं, दुसऱ्या भिंतीला फळीवर गळांच्या सात डब्या आणि खिडकीत गळाला आमिष म्हणून लावायच्या रबरी माशांची पाकिटं टांगलेली. हे मासे बोटाएवढे, मऊ, आरपार दिसणारे. कुणी हिरवट, कुणी मधाच्या रंगाचा, कुणाच्या पोटात चमकीची पूड. सकाळचं ऊन त्यांच्यातून आत आलं की फरशीवर तळं उतरतं. मी केर काढते तेव्हा केरसुणी पाण्यातून चालल्यासारखी वाटते आणि भिंतीवरून सावलीचे मासे शेपट्या हलवत निघून जातात. नाम घ्यायला याहून चांगली जागा मला घरात सापडलेली नाही. जाऊबाई होत्या तेव्हा त्याही तिथेच बसून पाकिटांवरची अक्षरं भाऊजींना वाचून दाखवायच्या. त्या गेल्याला पाच वर्षं झाली.

भाऊजींची खरी विद्या कुठला मासा कुठल्या गळाचा ते ओळखण्याची. गिऱ्हाईक रबरी मासा पुढे करतं. भाऊजी तो चिमटीत धरतात, नाकापासून शेपटीपर्यंत बोट फिरवतात, डोळे मिटतात आणि गळाचा नंबर सांगतात. मला त्यांनी एकदा समजावलं होतं. “वहिनी, जाड अंगाला अरुंद गळ दिला तर टोक रबरातच रुतून बसतं. मासा चावतो आणि तोंड पुसून निघून जातो. बारक्या अंगाला मोठा गळ दिला तर रबर लाकडासारखं ताठ होतं, शेपूट हलत नाही. खालचा मासा काय आपल्या घरचा आहे, दिलं ते मुकाट खायला?”

“माझ्या हातचं कोण मुकाट खातं?” मी म्हणाले.

नंबरांचं मात्र माझ्या डोक्यात कधी नीट बसलं नाही. सहा नंबरापेक्षा चार नंबरचा गळ मोठा, चारापेक्षा दोन मोठा, दोनापेक्षा एक. एकानंतर आकड्यापुढे शून्य लागतं आणि सगळं फिरतं. एक शून्यापेक्षा दोन शून्य मोठा, त्याहून तीन शून्य.

“हे ठरवलं कुणी?”

“ज्याला घरात कुणी विचारत नव्हतं त्यानं.”

भाऊजींच्या डोळ्यांवर मोतीबिंदू उतरतोय हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. एकदा तांब्यातलं पाणी त्यांनी पेल्याच्या शेजारी ओतलं, शांतपणे, पेला भरल्यासारखं. मी फडकं घेऊन पुसलं. मग पेला भरून त्यांच्या हातात दिला. पण पुतणी काही आंधळी नव्हती. ती दुसऱ्या शहरात शाळेत शिकवते, महिन्यातून एक रविवार येते. तिचं एकच म्हणणं होतं, “बाबा, दुकान बंद करा, माझ्याकडे चला, ऑपरेशन करून घ्या.” भाऊजींना ऑपरेशनची नव्हे, त्यानंतरची भीती होती. एकदा तिकडे गेलो की परत यायला मिळणार नाही, ही. शेवटी त्यांनी तिला शब्द दिला, “ज्या दिवशी एखादं गिऱ्हाईक चुकीचा गळ परत घेऊन येईल, त्या दिवशी दुकानाला कुलूप. मग म्हणशील तिथे येतो.”

तेव्हापासून दारापाशी खिळ्याला एक कुलूप टांगून असे. येता-जाता ते माझ्या डोळ्यांना टोचे.

आता माझं सांगते. दोन-तीन आठवड्यांपूर्वी एका बुधवारी मी दुकानाची फळी पुसायला काढली. सातही डब्या खाली घेतल्या, पुसल्या, आणि परत लावताना पाहिलं तर त्या अगदीच वेड्यावाकड्या क्रमानं होत्या. सहा, चार, दोन, एक, मग एक शून्य, दोन शून्य, तीन शून्य. स्वयंपाकघरात मी असं चालवून घेत नाही. मी त्या शहाण्यासारख्या लावल्या: एक, एक शून्य, दोन, दोन शून्य, तीन शून्य, चार, सहा. हात जोडले आणि पोळ्या करायला गेले. भाऊजींना सांगायचं राहिलं. सांगण्यासारखं काही आहे हेच मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नावाडीबुवा आले. ते पाहुण्यांना होडीतून तळ्यावर मासे धरायला नेतात. त्यांना चाळीस पाकिटं हवी होती, प्रत्येकात पाच मासे आणि त्यांच्या मापाचे पाच गळ. एरवी भाऊजी एकेक गळ स्वतः चाचपून भरतात, पण काम घाईचं होतं. म्हणून फाटके मासे हातानं चाचपून वेगळे काढायचं काम त्यांनी घेतलं आणि गळ मोजून टाकायचं मला दिलं.

“याला दोन शून्य,” म्हणत त्यांनी फळीवर हात लावला, उजवीकडून दुसरी डबी उचलली आणि माझ्यापुढे ठेवली. मी डोळे अर्धे मिटून नाम घेत होते. एका नामाला एक गळ. ऊन पायांवर आलं होतं, भिंतीवरचे मासे हळूहळू पोहत होते, आणि त्या दोनशे गळांत मला जी शांतता लाभली ती देवघरातही क्वचितच लाभते. डबीवर चार लिहिलं होतं. ते मी पाहिलंच नाही.

रविवारी पुतणी आली होती. दुकानातच सगळ्यांना चहा ओतत होते तेवढ्यात नावाडीबुवा दारात उभे. चेहरा रागाचा नव्हता, ओशाळलेला होता. त्यांनी पाकिटांची पिशवी टेबलावर ठेवली.

“काका, चाळीसच्या चाळीस. मासे चावतात आणि सुटतात. पाहुणे मला हसायला लागले.”

भाऊजींनी एक गळ काढला, बोटावर तोलला. क्षणभरही लागला नाही.

“चार नंबर. गळ माझ्याच दुकानातला, पण या माशाचा नव्हे.”

भाऊजी उठले, भिंत चाचपत दारापाशी गेले आणि खिळ्यावरचं कुलूप काढलं.

मग माझ्यानं राहवेना. “डब्या मी हलवल्या,” मी म्हणाले. “पुसल्या आणि क्रमानं लावल्या. भाऊजींनी त्यांच्या जागेवरचीच डबी दिली. आणि मी नाम घेत होते, बघितलं नाही.”

बोलून झाल्यावर कळलं की त्यांना वाचवायला गेले आणि डोळे किती गेलेत हे त्यांचंच गुपित फोडून बसले. पुतणीनं फळीवरची डबी उचलली. “काकू, यावर चार लिहिलंय. एवढं मोठं. बाबा, तुम्हाला...”

“दिसलं नाही,” भाऊजी म्हणाले. “दोन वर्षं झाली, दिसत नाही.”

आमच्या घरात ते वाक्य पहिल्यांदाच मोठ्यानं बोललं गेलं. भिंतीवर सावलीचे मासे हलत होते.

नावाडीबुवा घसा साफ करून म्हणाले, “तुमचं घरचं तुम्ही बघा. मला उद्या सकाळी चाळीस पाकिटं पाहिजेत. कुलूप लावायचं ते त्यानंतर लावा.”

मग आम्ही तिघं बसलो. पुतणी डबीवरचा आकडा मोठ्यानं वाचायची, भाऊजी गळ चाचपायचे, मी भरायची, डोळे उघडे ठेवून आणि तोंड बंद ठेवून. मध्येच पुतणीनं एक मासा स्वतः गळावर चढवून पाहिला. भाऊजींनी तिचं बोट धरून माशाच्या पाठीवरून फिरवलं. “इथे टोक बाहेर यायला हवं. इथे नाही, अजून मागे. आता सरळ पडला ना? आता हलवून बघ.” तिनं हलवला. शेपूट डोललं. ती लहानपणी हसायची तशी हसली आणि मला वाटलं, खोलीतलं पाणी जरा वर चढलं.

काम संपल्यावर भाऊजींनी कुलूप तिच्या हातात दिलं. “शब्द म्हणजे शब्द. लाव.”

“आणि तुम्ही?”

“येतो. पण कुलूप लावीन म्हणालो होतो, किती दिवस ते म्हणालो नव्हतो. डोळे झाले की मी परत येणार.”

“वकिलाच्या घरी जन्मायला हवं होतं तुम्ही,” पुतणी म्हणाली. मग कुलूप लावून किल्ली तिनं तिच्या पर्समध्ये टाकली नाही, माझ्या हातावर ठेवली.

दुकानाला बाहेरून कुलूप आहे, आतल्या दारानं मी रोज केर काढायला जाते. ऊन येतं, फरशीवर तळं उतरतं. डब्या मी त्यांच्या जुन्या क्रमानं लावून ठेवल्या आहेत, मला कितीही वेड्यावाकड्या दिसोत. आज दुपारी भाऊजींचा फोन आला. एका डोळ्याची पट्टी निघाली होती.

“कसं दिसतंय?” मी विचारलं.

“पोरीच्या घराच्या भिंती पिवळ्या आहेत. मला पांढऱ्या वाटत होत्या.” मग म्हणाले, “वहिनी, डब्या पुसल्या का?”

“पुसल्या. जागच्या जागी.”

“मग दुसरा डोळा करून घेतो,” ते म्हणाले.